ल्युर विकत घेण्याआधी माशीची पाठ बघा

पावसाने उघडीप दिली की वेलांवर फळमाशी तुटून पडते. कारली, दोडका, काकडी, दुधी, ज्यांच्या मांडवाला आत्ता कोवळी फळं लागली आहेत त्यांनी आजच एक माशी पकडा आणि तिची पाठ बघा. ल्युर, म्हणजे सापळ्यात ठेवायचं माशीला ओढणारं गंधद्रव्य, त्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या कारल्याच्या मांडवात सापळे माशांनी भरले होते. मालक निर्धास्त. कारली मात्र वाकडी होऊन पिवळी पडत होती, चिरलं की आत पांढऱ्या अळ्या. सापळा कागदावर उपडा केला तर सगळ्या काळ्या पाठीच्या माशा, बांधावरच्या पेरूवरून आलेल्या. दुकानातून 'फळमाशीचंच आहे' म्हणून मिथाईल युजेनॉलचं ल्युर गळ्यात मारलं होतं. कारल्याच्या माशीला त्याचं आकर्षण नाही, तिला क्यू-ल्युर लागतं. निम्मा माल उकिरड्यावर गेला.

वेलांवरची माशी तांबूस-पिवळी असते. पाठीवर तीन पिवळे पट्टे, दोन कडांना आणि एक मधोमध. मधला पट्टा हीच खूण. पंखाच्या टोकाला मोठा तपकिरी डाग असतो.

आंबा-पेरूवरच्या माशीची पाठ बहुधा काळी, पट्टे दोनच, पोटाच्या वरच्या बाजूला टी अक्षरासारखी काळी खूण. पण पेरूवर तांबूस रंगाची दुसरी जातही येते आणि तिथेच माणूस फसतो. तिच्याही पाठीवर पट्टे दोनच, पंखाच्या टोकाला लहानसा डाग. म्हणून रंगावर जाऊ नका, पट्टे मोजा. या दोघींना मिथाईल युजेनॉल चालतं.

हवेत एका जागी तरंगणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसली तर फवारू नका. ती सिरफिड, तिच्या अळ्या मावा खातात.

फोटोसाठी सकाळची वेळ धरा, माशी सुस्त असते. बाटलीत पकडून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग पांढऱ्या कागदावर, सावलीत, फ्लॅश बंद करून एक फोटो वरून आणि एक बाजूने काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. सापळ्यात कुजलेली माशी नको, पिवळा रंग काळवंडतो आणि पट्टे मोजता येत नाहीत.

बाकी कामं:
- क्यू-ल्युर सापळे एकरी ४ ते ५
- किडकी फळं रोज वेचून खोल पुरणे
- वेलाखालची माती हलवणे, कोष तिथेच असतात
- आमिष (फवारायचं गोड विषारी द्रावण), हेक्टरी: मॅलाथिऑन ५० ईसी ५० मिली, गूळ अर्धा किलो, पाणी ५० लिटर, तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघून

फळातल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, महागडी बाटली घेऊनही नाही. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून वेचणी चुकवू नका. माझा अनुभव असा की मांडवाच्या कडेला मका असेल तर संध्याकाळी माशा त्यावर बसतात, आमिष तिथे मारा.

ओळख पटली नाही तर फोटो कृषी विज्ञान केंद्राला पाठवा. सोबत माशी कोणत्या पिकावर सापडली आणि सापळ्यात कोणतं ल्युर होतं, तेही लिहा.