पुराचे पाणी ओसरल्यावर घर कसे वाळवावे

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी आली 10 सप्टेंबरला, म्हणजे बरोबर पन्नास दिवसांनी. पुराचे पाणी घरात येऊन गेले की कोकणातल्या माणसाला पहिली चिंता पडते ती गणपतीच्या आत भिंतींना रंग लागला पाहिजे याची. ही घाई समजण्यासारखी असली तरी पुराने घराचे जेवढे नुकसान होते त्यात नंतर भर पडते ती बऱ्याचदा या घाईमुळेच, म्हणून घर पूर्ववत करण्याचा क्रम नीट लक्षात घ्यावा.

आत पाऊल टाकण्याआधी विजेचा विचार करावा. मेन स्विचपर्यंत पाण्यातून किंवा चिखलातून जावे लागत असेल, तर त्याला हात न लावता महावितरणच्या कर्मचाऱ्याकडून पुरवठा खांबावरूनच बंद करून घ्यावा. पायात गमबूट आणि हातात काठी असावी, कारण पुरात विंचू-साप कोरडी जागा शोधत कपाटामागे किंवा माळ्यावर जाऊन बसतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायावरची लहानशी जखमही त्याला पुरते. तेव्हा प्रतिबंधक औषधाबद्दल सफाईला लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला मोजपट्टी लावून काढलेला एक फोटो तलाठ्याच्या पंचनाम्यालाही उपयोगी पडतो आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरलाही. भिजलेल्या वस्तू अंगणात काढून ठेवाव्यात, पण पाहणी होईपर्यंत फेकू नयेत.

गाळ मात्र ओला असतानाच काढावा. एकदा तो सुकला की फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसतो आणि मग खरवडताना फरशीच जाते. आतल्या खोलीपासून दाराकडे फावड्याने आणि पाण्याच्या फवाऱ्याने ढकलत यावे. त्यानंतर फरशी आणि भिंतीचा भिजलेला भाग साबणाच्या पाण्याने धुऊन ब्लीचच्या द्रावणाने पुसावा. बाजारात मिळणाऱ्या द्रव ब्लीचचे प्रमाण एका लिटर पाण्याला साधारण 60 मिली याहून जास्त नसावे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. पुराचे पाणी लागलेले धान्य, कापसाच्या गाद्या आणि स्पंज यांचा मोह सोडावा. पुरात बुडालेला गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

आता भिंतींकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. आपल्याकडच्या जुन्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि वरही चढवतो. पाण्याची रेघ तीन फुटांवर असली तरी काही दिवसांनी ओल चार फुटांवर दिसू लागते, ती यामुळेच. गिलावा वरून कोरडा लागतो, आतला दगड मात्र ओलाच असतो. बुरशी 24 ते 48 तासांत धरू लागते, म्हणून सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढावे, कपाटांची दारे व खण उघडे टाकावेत आणि फुगलेले पोपडे खरवडून भिंत मोकळी करावी. श्रावणात बाहेरची हवाच दमट असल्याने पाऊस कोसळत असताना खिडक्या उघडून फारसे साधत नाही. उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, वायरिंग तपासून झाले असेल तर टेबलफॅनचा वारा भिंतीला समांतर सोडावा आणि एसी असेल तर दारे-खिडक्या लावून तो ड्राय मोडवर चालवावा.

वायरिंगच्या बाबतीत बाहेरून सुकलेल्या बोर्डावर विश्वास ठेवू नये. पट्टी उघडली की आत बोटभर गाळ सापडतो. असे स्विच आणि सॉकेट बदलून, मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने, वायरींची तपासणी करून घेतल्यावरच पुरवठा सुरू करावा. फ्रिज आणि धुलाई यंत्र चालते का हे पाहण्यासाठी लगेच बटण दाबणे म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी वस्तू आपल्या हाताने जाळणे होय.

सागवानी दारे फुगून चौकटीत अडकतात. सुताराला लगेच बोलावून रंधा मारू नये. लाकूड सुकले की आक्रसते आणि रंधलेल्या दारात फट राहते. लाकडी सामान सावलीतच वाळवावे, उन्हात ते तडकते. पार्टिकल बोर्डचे फर्निचर मात्र एकदा फुगले की पूर्ववत होत नाही. कागदपत्रे भिजली असतील तर पाने ओढून सुटी करू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सवडीने एकेक काढून वाळवावीत.

राहिला रंग. गणपतीपुरता साधा चुना मारावा, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत राहते आणि बुरशीलाही तो मानवत नाही. पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग ओल आत कोंडतात, मग दिवाळीपर्यंत पोपडे निघतात आणि क्षारांचा पांढरा लोणा फुटतो. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन पडले की फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव जमले, किंवा त्याखालचा गिलावा काळसर दिसला, तर अजून महिनाभर थांबून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि भिंतीच्या अगदी पायथ्याशीही एक तुकडा लावून पाहावा, कारण तो भाग सर्वांत शेवटी सुकतो.