कोकण किनाऱ्यावर दोघांचा मुक्काम निवडताना

कोकणात दोघांनीच दोन-तीन दिवस राहायचे ठरले की शोध बहुधा खोलीच्या छायाचित्रांपासून सुरू होतो. पलंगावर टॉवेलचे हंस मांडलेले दिसतात, खिडकीतून माड दिसतो, एवढ्यावर आगाऊ रक्कम भरली जाते आणि शनिवारी संध्याकाळी पोहोचल्यावर कळते की शेजारच्या चारही खोल्या एकाच कार्यालयाच्या सहलीने घेतलेल्या आहेत. खोलीत काही खोट नसते. दिवस चुकलेला असतो. म्हणून या किनाऱ्यावर मुक्काम निवडताना आधी दिवस ठरवावा, मग पाण्याची बाजू, मग घर, आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघालेली वाहने नागाव, काशीद, दिवेआगर, कर्दे, गणपतीपुळे, तारकर्ली या ठिकाणी शनिवारी सकाळी पोहोचतात आणि रविवारी दुपारचे जेवण आटोपून परततात. तीच पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मंगळवारी पाहिली तर ओळखू येत नाही. शक्य असल्यास रविवारी दुपारी पोहोचून बुधवारी किंवा गुरुवारी निघावे. भाडेही कमी पडते आणि घरमालकाला बोलायला व रांधायला सवड असते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना ज्यांना टाळता येत नाही त्यांनी प्रसिद्ध गावे तरी टाळावीत. गणेशोत्सवात कोकणातले घर पाहुण्यांसाठी नसते, ते घरच्यांसाठी असते. त्या दिवसांत अनेक घरगुती मुक्काम बंदच राहतात आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. शिमग्याला पालखी दारी येते तो सोहळा पाहण्यासारखा आहे, मात्र त्या रात्री ढोल वाजतो आणि एकान्ताची अपेक्षा धरू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्याही बंद असतात आणि समुद्रात उतरणे धोक्याचे असते. तरीही ज्यांना फक्त पडवीत बसून पाऊस पाहायचा आहे त्यांच्यासाठी हा काळ सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत सुंदर आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मात्र नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

दिवस ठरवताना दिनदर्शिकेत तिथीही पाहावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा. गावागणिक ही वेळ थोडी मागेपुढे होते, परंतु मुक्कामाचा दिवस निवडण्यापुरती ती पुरेशी आहे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते, त्यामुळे अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर चढलेले असते आणि चालायला सुरूच्या बनाखालची चिंचोळी पट्टी उरते. उलट पौर्णिमेला त्याच वेळी समुद्र मागे हटलेला असतो, ओली, कडक वाळू दूरवर मोकळी पडते आणि सूर्य बुडत असतानाच पाठीमागे माडांच्या रांगेवर चंद्र वर येतो. गुहागर, दिवेआगर यांसारख्या सपाट आणि लांब पुळणीवर हा फरक फार जाणवतो. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या उधाणात पाण्याची ओढ मात्र अधिक असते, हे पोहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता पाण्याची बाजू. पुष्कळांच्या मनात बेटावरचा मुक्काम असतो, आणि कोकणात बेटे आहेतही. परंतु ती किल्ल्यांची आहेत. मुरूडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, हे सगळे होडीने जाऊन पाहायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे. खऱ्या बेटावर राहायचेच असेल तर अंदमानातील स्वराज द्वीप किंवा शहीद द्वीप गाठावे लागते, आणि लक्षद्वीपला जायचे तर आधी परवाना काढावा लागतो. कोकणात बेटाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे तारकर्लीच्या पुढचे देवबाग. कर्ली नदी समुद्राला समांतर वाहत येते आणि देवबागच्या टोकाशी त्याला मिळते, त्यामुळे गावाच्या एका बाजूला खाडीचे शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र अशी ती माडांची अरुंद पट्टी आहे. एका बाजूला सूर्योदय आणि दुसऱ्या बाजूला सूर्यास्त पायी जाऊन पाहता येईल, अशी गावे या किनाऱ्यावर फार नाहीत.

देवबागमध्ये कोणती बाजू घ्यावी, हा प्रश्न थोडा तपशिलाने सोडवावा लागतो. समुद्राच्या बाजूची जमीन लाटांनी धुपत आली आहे आणि तिथे जागोजाग दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातलेले आहेत. म्हणजे समुद्राला अगदी खेटून असलेल्या खोलीसमोर वाळूऐवजी काळ्या दगडांचा ढीग असण्याची शक्यता आहे, आणि भरतीला लाट त्यावर आपटते तो आवाज रात्रभर कानी पडतो. काहींना तो आवडतो. खाडीच्या बाजूला सकाळ निवांत असते, पाणी आरशासारखे असते, पलीकडच्या काठावरचे माड त्यात उलटे दिसतात आणि एखादी होडी वल्ह्यांचा आवाज करत जाते. पण संध्याकाळी डास येतात, म्हणून मच्छरदाणी आहे का हे विचारून घ्यावे. गावाच्या अगदी टोकाला, संगमाजवळ, ज्या वाळूच्या पट्ट्याला पर्यटक त्सुनामी आयलंड म्हणतात तिथे दिवसभर पाण्यातल्या खेळांच्या यांत्रिक नौका फिरतात. दोघांना शांतता हवी असेल तर टोकापासून जरा अलीकडे, खाडीकडे तोंड असलेली जागा घ्यावी. त्याहून निवांत हवे असेल तर नदीपलीकडचे भोगवे आहे. समोर दिसत असले तरी रस्त्याने तिथे जायला परुळ्याकडून मोठा वळसा पडतो, आणि तिथे गर्दी कमी असण्याचे तेही एक कारण असावे.

बाकीच्या किनाऱ्यावर तीन प्रकारच्या जागा मिळतात. पुळणीलगतच्या वाडीतले, म्हणजे माडांच्या बागेतले, मुक्काम गुहागर, वेळणेश्वर, कर्दे, दिवेआगर, शिरोड्याजवळचे वेळागर येथे आहेत. खाडीकाठचे आंजर्ले, बाणकोट, आचरे या बाजूला. आणि उंच सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, आरे-वारे ते मालगुंडच्या रस्त्यावर किंवा निवतीच्या आसपास. सड्यावरून समुद्राचा विस्तार दिसतो, वारा भरपूर असतो आणि पावसाळ्याच्या शेवटी जांभ्याच्या कातळावर रानफुले येतात. मात्र पाण्यात पाय बुडवायला प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते. बंदराला लागून राहणे टाळावे. हर्णैचा मासळीचा लिलाव अवश्य पाहावा, पण तो पाहून परत जायला आपली खोली दुसऱ्या गावात असावी, कारण पहाटेपूर्वी सुरू होणारी इंजिने आणि वाळत घातलेली मासळी ही प्रणयाला फारशी पोषक नाहीत. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्याच्या दिवसांत घरोघरी अनेक पाहुणे एकत्र राहतात; तो अनुभव निराळा आहे, त्यात दोघांपुरते काही नसते.

घर निवडताना कौलारू की स्लॅबचे, हा प्रश्न शोभेचा नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचे, कौलारू छपराचे घर उन्हाळ्यातही रात्री लवकर निवते, तर पश्चिमेला तोंड असलेली स्लॅबची खोली दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. वातानुकूलन यंत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर बहुधा दिवा आणि पंखाच चालतो. जुन्या कौलारू घराची एक अडचण मात्र कोणी सांगत नाही. अशा घरांत खोल्यांमधल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत नेलेल्या नसतात, वर मोकळी जागा असते, आणि तिच्यातून शेजारच्या खोलीतली कुजबुजही स्पष्ट ऐकू येते. मधुचंद्राला आलेल्यांनी हा प्रश्न लाजेखातर विचारायचा ठेवू नये. ‘भिंत वरपर्यंत आहे का’ एवढेच विचारले तरी मालकाला कळते. त्याचप्रमाणे खोलीची खिडकी सामाईक पडवीत उघडत असेल तर ती दिवसभर बंदच ठेवावी लागते, म्हणून रांगेतली टोकाची खोली किंवा वाडीतली सुटी खोली मागावी. न्हाणीघर खोलीला लागून आहे की परसात आहे, हेही विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत गोड पाण्याची चौकशी आवश्यक आहे. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्या पाण्याने केस धुतल्यावर ते काथ्यासारखे होतात.

घरगुती मुक्काम म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणे आहे, याचे भान दोन्ही अंगांनी ठेवावे. ओटीवर आजी बसलेली असते, ती ‘खयसून इलास?’ असे विचारणारच, आणि तिच्याशी दोन शब्द बोलल्यावर रात्री ताटात एखादी भाकरी किंवा घावन जास्त पडते. ज्यांना असे बोलणे नकोसे वाटते त्यांनी हॉटेल किंवा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान घ्यावे. तारकर्ली, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, वेळणेश्वर येथे ती मोक्याच्या जागी आहेत. मद्यपानाला अनेक घरांत सक्त मनाई असते. गुहागर, केळशी, आंजर्ले, दिवेआगर येथील कित्येक घरांत स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो, तिथे उकडीचे मोदक मागावेत. सुरमई आणि तिसऱ्यांसाठी मालवणकडे जावे. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाह न करता एका खोलीत राहण्यास कायद्याची मनाई नाही, परंतु काही घरमालक अशा जोडप्यांना खोली देत नाहीत, त्यामुळे रात्री दारात उभे राहून वाद घालण्यापेक्षा नोंदणीपूर्वीच स्पष्ट विचारावे. ओळखपत्र मात्र दोघांचेही जवळ असावे.

हे सगळे संकेतस्थळावर कळत नाही. दूरध्वनी करावा लागतो. दुपारी तीनच्या सुमारास, जेवणे आटोपल्यावर करावा. पाटीवर ‘सी-फेसिंग’ लिहिलेले असते आणि खोलीसमोर रस्ता, त्यापलीकडे दुसऱ्याची वाडी, त्यापलीकडे सुरूचे बन आणि मग समुद्र असतो. म्हणून ‘समुद्र दिसतो का’ असे न विचारता ‘खोलीच्या दारातून पुळणीवर पाय पडेपर्यंत चालत किती मिनिटे लागतात आणि वाटेत कोणाची वाडी ओलांडावी लागते का’ असे विचारावे. खोलीच्या आतला नको, दारात उभे राहून बाहेर केलेला चलचित्राचा तुकडा पाठवायला सांगावा. त्यात शेजारचे बांधकाम, ध्वनिक्षेपकाची पेटी, गाड्यांचा तळ, सगळे आपोआप येते. ज्या रात्री आपण असू त्या रात्री आणखी कोण उतरणार आहे, हा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे आणि बहुतेक मालक त्याचे खरे उत्तर देतात.

एकान्ताच्या पुळणीवर जीवरक्षक नसतो, हेही निवड करताना लक्षात घ्यावे. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आणि ओढीचा आहे, हरिहरेश्वरचे खडक निसरडे आहेत; कुठेही पाण्यात उतरण्यापूर्वी त्या गावातल्या माणसाला विचारावे आणि त्याने ‘नको’ म्हटले तर कारण विचारत बसू नये.

पोहोचण्याचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. दोनच रात्री हाती असतील तर मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह रो-रो नौकेने जाऊन अलिबाग-मुरूडचा पट्टा धरावा आणि पुणेकरांनी ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धन गाठावे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विचार किमान तीन रात्री असतील तरच करावा. महामार्गावर दिवस घालवण्यापेक्षा कोकण रेल्वेने कुडाळला उतरून रिक्षाने मालवण-तारकर्लीला जाणे सुखाचे आहे. वेंगुर्ले-शिरोड्याकडे जाणाऱ्यांना सावंतवाडी स्थानक किंवा गोव्यातला मोपा विमानतळ जवळ पडतो. दापोलीकडून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे ही जंगलजेटी, म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी नौका, पुष्कळ अंतर वाचवते, पण रात्री उशिरा ती मिळत नाही आणि मग चिपळूणचा वळसा पडतो, त्यामुळे अशा ठिकाणी उजेडातच पोहोचेल असा बेत आखावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी मालकाला पुन्हा फोन करून पोहोचण्याची वेळ, राहिलेली रक्कम आणि जेवणाचा बेत पक्का करावा. थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे देता येत नाहीत. रात्री मासे हवे असतील तर ते सकाळीच सांगावे लागतात. मासळी सकाळच्या बाजारात घेतली जाते आणि संध्याकाळी सात वाजता मागितलेले पापलेट बहुधा शीतपेटीतले असते. जेवण सगळ्यांबरोबर खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, टेबलावर की आपल्या खोलीच्या पडवीत, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे. दोन ताटे वेगळी वाढून द्यायला घरातली माणसे सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना ते आधी ठाऊक असावे लागते.