एडीएचडीमागची जनुकं शोधताना: वंशवेलीपासून हिशेबापर्यंत

कोल्हापुरात शे-दीडशे कुटुंबं गोळा करून एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं) ‘ते एक जनुक’ सापडेल, ही आशा आधी सोडा. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास निघते, पण ती हजारो ठिकाणी वाटली गेली आहे. २०२३ साली डेमॉन्टिस आणि सहकाऱ्यांनी ३८,६९१ रुग्ण आणि १,८६,८४३ इतर माणसं तपासली, तेव्हा कुठे विकाराशी जोडलेल्या डीएनएवरच्या २७ जागा हाती आल्या. छोट्या तुकडीला चोख करता येण्यासारखं काम म्हणजे निदान आणि नमुने. ते चोख असलं तर पुढे मोठ्या संचात मिसळता येतं.

नीतिसमितीची परवानगी आधी. आई-वडिलांची लेखी संमती हवीच, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी आणि १२ पुढच्याचा लेखी होकार घ्या.

निदानात डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमपुस्तिका) ची अट पाळा: नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने, १२ वर्षांच्या आत सुरुवात आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी. फक्त आईनं भरलेला फॉर्म पुरत नाही, वर्गशिक्षकांचाही हवा. जूनमध्ये शाळेत जाऊ नका, बाईंना मुलांची अजून नावंही पाठ नसतात. ऑगस्टनंतर जा. ऐकू कमी येणं, थायरॉइड, अपुरी झोप आणि क्षणभर हरवल्यासारखं करणारी फिट, एवढं आधी तपासून बाजूला काढा. इथली चूक पुढे कुठल्याच यंत्रानं दुरुस्त होत नाही.

वंशवेल तीन पिढ्यांची काढा. वडिलांना ‘तुम्हाला लहानपणी हा त्रास होता का?’ विचारलंत की ‘छे!’ हेच उत्तर येतं. तेच आजींना ‘हे लहानपणी वांड होते का हो?’ म्हणून विचारा, मग सगळं निघतं. आत्या-मावशींबद्दल ‘धांदरट होती का, वस्तू हरवायची का’ असं विचारा, कारण मुलींमध्ये दंगा कमी आणि विसराळूपणा जास्त दिसतो, म्हणून त्या सुटतात. मामाची मुलगी केलेली असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ मारा, ते विश्लेषणात लागतं.

नमुना आई, वडील आणि मूल या तिघांचा. रक्त ३ ते ५ मिली, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत (ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन), आणि नळी हलक्या हातानं ८-१० वेळा उलटी-सुलटी करा. हिरव्या टोपणाची नको, त्यातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडवतं. मूल सुईला घाबरलं तर २ मिली लाळ चालते, पण आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद. मिश्री किंवा तंबाखू लावली असेल तर चूळ भरायला लावून अर्धा तास थांबा. लाळेत जिवाणूंचाही डीएनए असतो, त्यामुळे मोजणीत आकडा फुगतो. गडहिंग्लजहून नमुने आणताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण नळी बर्फाला चिकटू देऊ नका, रक्तपेशी फुटतात. नळीवर साध्या पेनानं लिहिलेलं स्पिरिटनं पुसलं जातं. नळ्यांची अदलाबदल याच टप्प्यावर होते.

काढलेल्या डीएनएचं २६०/२८० प्रमाण (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेची खूण) १.८ च्या आसपास हवं. खूपच कमी आलं तर प्रथिनं राहिलीत. डीएनए छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की धागे तुटतात.

डीआरडी४ या डोपामिन-ग्राहीच्या जनुकात ४८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा ओळीनं अनेकदा येतो, कुणात ४ वेळा तर कुणात ७ वेळा. ही पुनरावृत्ती मोजणं नवख्यांना सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. नेहमीच्या प्रायमरनी (पीसीआर कुठून सुरू करायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) ४ पुनरावृत्तींचा तुकडा ४७५ बेसचा आणि ७ चा ६१९ चा येतो. हा भाग जी आणि सी या घट्ट जुळणाऱ्या बेसनी गच्च आहे, म्हणून लांब तुकडा वाढतच नाही आणि ४/७ चं (एका पालकाकडून ४, दुसऱ्याकडून ७ मिळालेलं) मूल जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे दिसतात तिथे, ४/४ दिसतं. मिश्रणात ५ ते १० टक्के डीएमएसओ (हे घट्ट धागे सैल करणारं द्रावक) घाला आणि एकाच पट्टीचे सगळे नमुने पुन्हा चालवा. मूल आणि पालक जुळले नाहीत तर आधी हीच चूक आणि नळ्यांची अदलाबदल तपासा. तरीही न जुळल्यास ते कुटुंब विश्लेषणातून वगळा आणि घरी अवाक्षर काढू नका.

आता हिशेब: पालक ७ चा प्रकार एडीएचडी असलेल्या मुलाला निम्म्याहून जास्त वेळा देतात का? एक ७ चा आणि एक दुसरा असे दोन प्रकार असलेले पालक ६० धरा. त्यांच्यापैकी ३८ जणांनी ७ चा प्रकार मुलाला दिला, २२ जणांनी दिला नाही. फरकाचा वर्ग भागिले बेरीज, म्हणजे २५६ भागिले ६०: ४.२७. निव्वळ योगायोग नाही म्हणायची नेहमीची (५ टक्क्यांची) मर्यादा ३.८४, म्हणून पेढे वाटायची घाई होते. पण असे २० मार्कर (डीएनएवरच्या तपासायच्या जागा) तपासले असतील तर मर्यादा ९.१४ वर जाते आणि हा निकाल गळतो. जुन्या काळी डीआरडी४ वर छापलेल्या बऱ्याच निष्कर्षांची हीच गत झाली.

या तपासणीवरून एखाद्या मुलाचं निदान किंवा धोका सांगता येत नाही. पालकांना हे संमतीपत्रावर सही घेतानाच स्पष्ट सांगा. एडीएचडीसोबत बौद्धिक विकास मागे असेल, किंवा चेहऱ्याची ठेवण, हृदयदोष असं काही दिसत असेल, तर मात्र त्या मुलाला संशोधनाच्या रांगेत ताटकळत ठेवू नका. त्याची मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे हरवलेले किंवा जादा तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक अक्षमतेचा एक आनुवंशिक विकार) तपासणी वैद्यकीय मार्गानं लगेच करून घ्या.