ईसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासा

गाडी चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते आणि स्कॅनर लावला की दर वेळी वेगळाच कोड दाखवतो. अशी गाडी तीन गॅरेज फिरली की कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, "ईसीएम गेलाय, बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. माझ्याकडे हा निकाल घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांचे ईसीएम ठणठणीत निघाले. बिघाड असायचा अर्थिंगच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) वायरीत, रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचात), सेन्सरच्या ५ व्होल्टच्या लाइनीत, नाहीतर उंदराने कुरतडलेल्या वायरिंगमध्ये. ईसीएम हा गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. त्याच्यावर ठपका ठेवायचा तो सगळ्यात शेवटी, बाकीचे सगळे निर्दोष ठरल्यावर.

मल्टिमीटर, स्कॅनर आणि तुमच्या मॉडेलचा पिन नंबरांसकट वायरिंग डायग्राम हाताशी आहे असं धरून चालतो. डायग्राम नसेल तर ईसीएमच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) हात लावू नका. अंदाजाने चुकीच्या पिनला १२ व्होल्ट दिले तर चांगला ईसीएम तिथल्या तिथे जातो.

आणि एक सल्ला आधीच डोक्यातून काढून टाका: "बॅटरीचं टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा, ईसीएम रिसेट होईल." बिघडलेला ईसीएम त्याने दुरुस्त होत नाही. अनेक गाड्यांत साठवलेले कोड आणि बिघाडाच्या क्षणाची नोंद तेवढी पुसली जाते, म्हणजे तुमच्या हातातला पुरावाच जातो. आधी सगळे कोड वाचा, लिहून ठेवा, मग बाकीचं.

बॅटरी भरलेली हवी. इंजिन चालू असताना तिच्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीएमच कमी-जास्त करतो, तिथे हेडलाइट लावून बघा. मीटर एसी व्होल्टवर फिरवून तिथेच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आधी तो करा. फ्यूज नुसते बघू नका, मीटरने तपासा.

कोडांबद्दल थोडं. पी०६०१, पी०६०४, पी०६०५, पी०६०६ हे कोड मॉड्यूलच्या, म्हणजे ईसीएमच्याच, आतला बिघाड सांगतात. ते दिसले की लोक थेट नवा ईसीएम मागवतात. पण स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तरी यातले कोड येऊ शकतात, म्हणून बॅटरी आणि सप्लाय तपासल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. यू०१०० म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना (गाडीतल्या इतर कॉम्प्युटरना) ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तो मेला असेल, सप्लाय न मिळाल्याने उपाशी असेल किंवा मधली वायर तुटली असेल. कॅनच्या गाडीत (जिथे मॉड्यूल दोन वायरींच्या लाइनीवरून एकमेकांशी बोलतात) बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर लाइन ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनीतून तुटलाय, आणि बऱ्याच गाड्यांत तो रेझिस्टर ईसीएमच्याच पोटात असतो.

अर्थिंग आणि सप्लाय: इथे मी फसलो होतो

काही वर्षांपूर्वी एक पेट्रोल हॅचबॅक आली. मालक पुण्याहून साताऱ्याला नेहमी जायचे आणि खंबाटकी घाट चढता चढता गाडी मान टाकायची. थंड झाली की सुरू. मी ईसीएमच्या अर्थिंगच्या पिना ओहममध्ये मोजल्या, ०.२ ओहम आले. अर्थिंग उत्तम आहे असं समजून मी ईसीएमवर बोट ठेवलं. दुसऱ्या गाडीतला जुना ईसीएम आणला, मूळचा डेटा त्यात क्लोन केला (जसाच्या तसा उतरवला), गाडी दिली. तिसऱ्या दिवशी फोन आला. त्याच घाटात, त्याच वळणावर गाडी बंद. ते पैसे मी परत केले आणि गाडी पुन्हा आत घेतली.

या वेळी इंजिन गरम, फॅन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत व्होल्ट मोजले. १.४ व्होल्ट! गिअरबॉक्सच्या बोल्टखालचा अर्थिंगचा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) वरून चकचकीत होता. स्लीव्ह कापली तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, चार-पाच केस काय ते शिल्लक.

ओहमचा मीटर खोटं बोलला नव्हता. तो तपासताना वायरीतून जेमतेम मिलीअँपिअरचा करंट सोडतो, आणि तेवढ्याला एक केस उरला तरी पुरतो. गाडी चालताना त्याच वायरीतून इंजेक्टर, कॉइल, सोलेनॉइड यांचा कित्येक अँपिअर करंट परत येत असतो. चार केसांतून तो मावत नाही, केस तापतात, रेझिस्टन्स आणखी वाढतो आणि ईसीएमचं 'शून्य' वर उचललं जातं. शून्यच हललं की इंजिनवर स्वतंत्र अर्थ असलेल्या सेन्सरचं रीडिंग चुकतं, व्होल्टेज कमी पडतं, प्रोसेसर मध्येच रिसेट होतो. स्कॅनरवर रोज वेगळा कोड दिसतो तो यामुळे. म्हणून माझं मत ठाम आहे: ईसीएमचं अर्थिंग ओहममध्ये तपासायचंच नाही. लोडवर व्होल्ट मोजायचे. दुसरी कुठलीही पद्धत मी माझ्या हाताखालच्या पोरांना करू देत नाही.

करायचं असं. कपलर लावलेलाच ठेवा. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक सुईसारखी पिन सरकवा. पुढून मीटरचा जाड प्रोब टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल फाकतं, पुढे सैल बसतं, आणि नसलेला बिघाड तुम्ही स्वतः तयार करता. तो शोधायला मग आठवडा जातो. वायरीचं इन्शुलेशन टोचूनही मोजू नका. त्या भोकातून पहिल्या पावसात पाणी शिरतं.

इंजिन गरम करून सगळे लोड चालू करा. मीटरचा काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनेवर. एका ईसीएमला अर्थिंगच्या तीन-चार पिना असू शकतात, प्रत्येक वेगळी मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेलं तर ईसीएमचा विषय तिथेच थांबवा आणि ती वायर टोकापर्यंत शोधा. मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून ईसीएमच्या सप्लायच्या पिनेपर्यंत तसंच मोजा. इथे ०.३ पर्यंत चालतं. जास्त आलं तर मेन रिलेचे पॉइंट जळालेत किंवा फ्यूजचं बूड सैल आहे. शेवटी स्टार्टर मारताना सप्लायवर लक्ष ठेवा. ९.६ च्या खाली घसरता कामा नये.

गाडी सुरूच होत नसेल तर बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून कपलर काढा, बॅटरी परत जोडा आणि दोन वायरी सोल्डर केलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सप्लाय आणि अर्थिंगच्या पिनांवर लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंग सशक्त, मिणमिणला तर नाही. यात एक खाच आहे. बऱ्याच गाड्यांत मेन रिलेची कॉइल ईसीएमच अर्थ करतो, त्यामुळे कपलर काढला की रिले ओढतच नाही आणि सप्लाय शून्य दिसतो. डायग्राममध्ये रिलेची कंट्रोल पिन शोधून तिला जंपरने अर्थ द्या, मग मोजा. ही गोष्ट माहीत नसल्याने सप्लायच येत नाही म्हणून अख्खं वायरिंग उकलून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थिंगसाठी. सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या पिनेला तो लावाल तर ईसीएम खरोखरच जाईल.

५ व्होल्टची लाइन

ईसीएम अनेक सेन्सरना एकाच अंतर्गत लाइनीवरून ५ व्होल्ट पुरवतो. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की लाइन खाली बसते, बाकीचे निर्दोष सेन्सरही चुकीचे दिसतात, आणि एकदम पाच-सहा कोड आले म्हणून लोक ईसीएमला दोष देतात. इग्निशन चालू ठेवून मॅप सेन्सरच्या (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) कपलरवर मोजा. ४.९ ते ५.१ च्या दरम्यान हवं. कमी असेल तर एकेक सेन्सर काढत जा आणि मीटरकडे बघत राहा. ज्याच्या कपलरला हात लावल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर. एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर सगळे विसरतात, कारण तो रेडिएटरजवळ असतो आणि 'इंजिनचा' वाटत नाही. सगळे काढूनही लाइन खाली असेल तर ईसीएमचा कपलर काढून ती वायर बॉडीला लागलीय का बघा. नसेल, तर आता ईसीएमवर संशय घ्यायला हरकत नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर मी सगळ्यात आधी इंजेक्टरच्या वायरींवर मारलेले जोड उघडतो. नुसती पीळ मारून वर टेप गुंडाळलेले जोड दोन पावसाळे काढत नाहीत.

खरंच गेलाय असं कधी म्हणायचं

सप्लाय पक्का, अर्थिंग पक्कं, कॅनची लाइन पक्की आणि तरी ईसीएम बोलत नाही. किंवा एकाच सिलिंडरच्या इंजेक्टरला पल्स येत नाही, वायर मात्र शाबूत. किंवा हेअर ड्रायरने लांबून हळूहळू तापवला की दर वेळी बंद पडतो. कपलर काढल्यावर पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर पाणी आत गेलंय.

ईसीएमच्या आतला एखादा ड्रायव्हर (इंजेक्टर, कॉइल चालवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाला असेल तर त्याला कोणी जाळलं ते शोधल्याशिवाय नवा ईसीएम लावू नका. पेट्रोलच्या साध्या इंजेक्टरची कॉइल बहुधा १२ ते १६ ओहम दाखवते. त्यात २-३ आले तर नव्या ईसीएमचाही तोच ड्रायव्हर जाईल. इग्निशन कॉइल, पर्ज व्हॉल्व्ह, सगळे मोजा. जंप स्टार्ट करताना वायरी उलट्या लागल्या होत्या का, बॅटरी न सोडवता वेल्डिंग झालं होतं का, हे मालकाला स्पष्ट विचारा.

बदली

लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बीएस४ आणि बीएस६, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, पेट्रोल आणि कंपनीचं सीएनजी, या सगळ्यांचे डबे बाहेरून सारखे दिसू शकतात. भंगार बाजारातून घेत असाल तर पुरातल्या गाडीचा निघण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक पिन उजेडात तपासून घ्या.

इमोबिलायझरमुळे (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) दुसऱ्या गाडीचा ईसीएम नुसता लावून सहसा चालत नाही. सुरू झालीच तर दोन सेकंदांत बंद पडते. नवा घेतलात तर सर्व्हिस सेंटरमध्ये चाव्यांसह प्रोग्राम करून घ्या. जुना घेतलात तर आधी तुमच्या मूळ ईसीएमचा संपूर्ण डेटा वाचून फाइल जपून ठेवा आणि ती आणलेल्या ईसीएममध्ये उतरवा. मेलेल्या ईसीएमची मेमरीसुद्धा बऱ्याचदा वाचता येते. "इमो काढून टाकतो, स्वस्तात होईल" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. त्या दिवसापासून तुमची गाडी चोरणं सोपं होतं.

बसवणं दहा मिनिटांचं काम आहे: बॅटरीचं निगेटिव्ह काढा, हात बॉडीच्या धातूला लावा, कपलरची लॉक पट्टी पूर्ण बसवा. प्रोग्रामिंग चालू असताना मात्र बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा सपोर्ट चार्जर जोडलेलाच हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा ईसीएम अर्धवट लिहिलेला राहतो.

कॉमन रेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड त्याच्या सिलिंडरच्या क्रमाने ईसीएममध्ये असायला हवा. क्लोन केला असेल तर ते आपोआप येतात, तरी पडताळून बघा. कोड चुकले तर इंजिन ठोकतं आणि धूर सोडतं. पेट्रोलमध्ये थ्रॉटल लर्निंग करा, म्हणजे थ्रॉटलची जागा ईसीएमला नव्याने शिकवा. मग गाडी घाटात न्या, जिथे बंद पडायची तिथेच, एसी लावून.

ईसीएम बॉनेटखाली असेल तर वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानं काढा आणि निचऱ्याची भोकं मोकळी करा. हे जूनच्या आधी करा.