बुफेत जेवताना

ठरावीक पैशांत हवे तितके खाण्याची सोय असलेल्या बुफेत ताट उचलण्याआधी रिकाम्या हाताने सगळ्या मांडणीवरून एक फेरी मारावी, कारण पोट लवकर भरणारे स्वस्त पदार्थ बहुधा सुरुवातीलाच ठेवलेले असतात. अनोळखी पदार्थ चमचाभर चाखता येणे, हा मला बुफेचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. मात्र पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटे लागत असल्याने दुसऱ्यांदा उठण्यापूर्वी थोडे थांबावे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत. वाफ न येणारा, कडेने सुकून भांड्याला चिकटलेला पदार्थ घेऊच नये. बेताचे खाणाऱ्याला मात्र मोजके पदार्थ मागवणेच परवडते.