रायफल घेण्याआधी व्हिसा बघा

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नव्याने आलेल्या आपल्या मंडळींकडून दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतोच. "ताई, नेमबाजीच्या रेंजवर जायचंय. परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुठली घेऊ?" हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. कोल्हापुरात एनसीसीत असताना पॉइंट टू टू (.२२ इंची छोट्या काडतुसाची) रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली होती. तेव्हा लागलेली गोडी ओहायोत १९ वर्षं काढूनही कमी झालेली नाही. तरीही उत्तर देण्याआधी मी विचारते, तुमचा व्हिसा कुठला?

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, यातला कुठलाही असेल तर दुकानात जाऊ नका. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. "विकत कुठे घेतोय, मित्राची दोन मिनिटं धरली" हे कारण चालत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफलही यातच मोडते. राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण तेवढ्या जोरावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. एका दुपारच्या हौसेसाठी ग्रीन कार्डाची दहा वर्षांची रांग पणाला लावू नका.

आणि हे आई-वडिलांनाही लागू आहे. ते बी-टू, म्हणजे पाहुण्यांच्या, व्हिसावर येतात. बाबांना रेंजवर नेऊन हातात रायफल देऊन फोटो काढायची इच्छा मलाही झाली होती. तसं केलं असतं तर दोष त्यांच्यावर आला असता आणि देणारी म्हणून माझ्यावरही. बाबा काचेपलीकडे बसून बघत राहिले, त्यातही ते खूश होते.

ग्रीन कार्ड येईपर्यंत एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी रायफल, घ्या. केंद्रीय कायदा तिला बंदूक मानत नाही. न्यू जर्सीसारखी काही राज्यं मात्र मानतात, म्हणून आपल्या राज्याचा नियम आधी वाचा. एअर रायफलला कमी लेखू नका. आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी खेळल्या त्या १० मीटर एअर रायफलमध्येच. श्वास, खांदा, चाप, सगळं त्यात शिकून होतं.

आता ग्रीन कार्ड हातात आहे असं धरू. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. त्यात गांजाबद्दल प्रश्न असतो. राज्याने गांजाला परवानगी दिलेली असली तरी केंद्राचा कायदा ती धरत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे. ओहायोत रायफल घ्यायला वेगळा परवाना लागत नाही. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र) लागतं, न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी २०२२ पासून परवाना लागतो, कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (रायफलला लागणारा काडतुसांचा डबा) विकत मिळत नाही. राज्य बदललं की नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

रायफलच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पहिली रायफल 'पॉइंट टू टू लाँग रायफल' नावाच्या काडतुसाचीच घ्या. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप आत येतं. पॉइंट टू टूचा धक्का इतका हलका असतो की डोळा माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवरून) हलत नाही, आणि आपण चाप झटक्याने खेचतोय की हळू दाबतोय हे लगेच कळतं. आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच काडतुसावर. त्याची रायफल सेमी-ऑटोमॅटिक नव्हती एवढाच फरक. खर्चाचंही बघा. पॉइंट टू टूची गोळी पाच ते दहा सेंटला पडते, एआर-१५ या मोठ्या काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची त्याच्या चार-पाच पट. शनिवारी २०० गोळ्या झाडल्या की हा फरक खिशाला जाणवतो.

नव्या माणसाला मी रुगर १०/२२ सांगते. १९६४ पासून ती बनते आहे, त्यामुळे सुटे भाग, मॅगझिन आणि माहितगार माणसं सगळीकडे मिळतात. साध्या मॉडेलला साधारण तीनशे-साडेतीनशे डॉलर पडतात. १० गोळ्यांचं मॅगझिन रायफलच्या पोटात बसतं, खाली काही लोंबत नाही, म्हणून पोटावर झोपून मारताना अडचण होत नाही. चाप जरा जड आहे, पण शिकताना ते बरंच. सॅव्हेज ६४ त्याहून स्वस्त आहे आणि नेमाला चांगली आहे, फक्त तिची जादा मॅगझिनं तितकी सहज मिळत नाहीत. जुनी मार्लिन मॉडेल ६० स्वस्तात मिळते, पण तिची काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात भरतात. ती पूर्ण रिकामी झाली की नाही हे नवख्याला चटकन दिसत नाही, म्हणून पहिली रायफल म्हणून मी ती सुचवत नाही.

पाचशे डॉलर असतील तर तीनशेची रायफल घ्या आणि उरलेले काडतुसांवर, कानांच्या मफवर आणि चष्म्यावर घाला. दुर्बीण नंतर. आधी चार-पाच कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी आणून २५ यार्डांवर कागदावर मारून बघा. प्रत्येक नळीला एखादं काडतूस मानवतं, आणि फार मंद काडतुसावर सेमी-ऑटोमॅटिक अडकते. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट (काडतुसामागची सरकती खिट्टी) उघडा. छोटं काडतूस म्हणून गाफील राहू नका, त्याची गोळी मैलाहून लांब जाते.

हात बसला की ओहायोतच एरी सरोवराकाठी असलेल्या कँप पेरीच्या रेंजवर या. तिथे उन्हाळ्यात रिमफायर स्पोर्टर नावाची पॉइंट टू टू रायफलींची स्पर्धा होते, २५ आणि ५० यार्डांवर. साडेसात पौंडांपर्यंतची साधी रायफल तिथे चालते. शेजारी बसलेले आजोबा स्वतःहून रायफलचा पट्टा हाताला कसा गुंडाळायचा ते दाखवतात.

घरी रायफल रिकामी करून सेफमध्ये कुलूपबंद ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त मालकाकडे. घरात कोणी नॉन-इमिग्रंट व्हिसावर असेल तर ही काळजी दुप्पट घ्यायची. रेंजवरून आल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, कपडे बदलायचे, मगच मुलांना जवळ घ्यायचं. शिशाची भुकटी दिसत नाही.

रेंजची बॅग प्रवासाला कधीच वापरू नका. एका डिसेंबरात मुंबईच्या विमानासाठी बॅग भरताना माझ्या हाताला बाजूच्या कप्प्यात एक काडतूस लागलं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना एक काडतूसही गुन्ह्याला पुरतं, आणि विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसतंच. मी ती बॅग तिथेच रिकामी केली, तिच्यावर मार्करने "रेंज" लिहिलं आणि ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली. तुम्हीही पहिल्या दिवशीच एक वेगळी बॅग घ्या.