सांडपाण्याच्या तलावावर पहाटे जावे
पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी कृष्णाकाठच्या एका गावात सांडपाण्याच्या स्थिरीकरण तलावांच्या, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून ऊन, शेवाळ आणि जिवाणूंकडून स्वच्छ करून घेणाऱ्या तलावांच्या, कामावर रुजू झालो, तेव्हा ज्याला यंत्र नाही आणि वीजही लागत नाही त्यात शिकण्यासारखे ते काय असणार, असा माझा समज होता.

हिशेब सोपा असतो, हे खरे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आणि त्यातले 80 टक्के गटारात येते असे मानले, तर 2000 वस्तीच्या गावातून दिवसाला 88 घनमीटर सांडपाणी निघते. ते दहा दिवस थांबवायचे तर दीड मीटर खोलीच्या तलावाला सुमारे सहा गुंठे जागा लागते, बांध आणि वाट वेगळी. खरी अडचण जागेचीच. गटारे उताराने नदीकडे जातात, त्यामुळे ग्रामपंचायत दाखवते ते गायरान बहुधा नदीलगतचे असते. निळी पूररेषा, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, नकाशावर पाहिल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. नाहीतर साचवलेला सगळा गाळ एका पुरात नदीत जातो.

माझी चूक मात्र निराळी होती. मी सोयीप्रमाणे दुपारी दोन वाजता नमुने घेत असे. पाणी गर्द हिरवे, विद्राव्य ऑक्सिजन भरपूर, सामू (pH, पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) नऊच्या वर; अहवालात ‘समाधानकारक’ लिहिले की मी मोकळा. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणारे शेतकरी वासाची तक्रार करीत, ती मला अतिशयोक्ती वाटे. अखेर तलावाची राखण करणारे काका म्हणाले, “साहेब, वास बघायचा तर पाचाला या की.”

गेलो. ऑक्सिजन जवळजवळ शून्य, सामू बराच उतरलेला आणि सडक्या अंड्यांचा वास. शेवाळ ऑक्सिजन सोडते ते उन्हात; रात्री ते स्वतःच तो वापरते, कार्बन डायऑक्साइड साचून सामू खाली येतो आणि दिवसा पाण्यात विरघळून राहिलेले सल्फाइड वायुरूपाने बाहेर पडू लागते. म्हणजे तलावावर झेपेल त्याहून अधिक भार येत होता आणि दुपारचे ऊन तो झाकत होते. गटाराच्या कडेने वर चालत गेल्यावर, एका मोठ्या गोठ्याचे शेणपाणी मध्येच मिसळत असल्याचे दिसले. आराखड्यात ते कुठेच नव्हते.

गाळ मोजण्याची रीतही पदवीच्या वर्गात नव्हे, तर बांधावरच कळली. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळायचे, ती सरळ आणि सावकाश तळापर्यंत उतरवायची आणि तितक्याच सावकाश वर घ्यायची; काळा डाग जिथवर चढला असेल तेवढी गाळाची उंची. पाण्याच्या एक-तृतीयांश खोलीपर्यंत गाळ आला की आम्ही उपसा करतो. त्या वर्षी फडके म्हणून काकांनी आपले जुने धोतर फाडून दिले होते. डाग 40 सेंटिमीटरवर थांबला, आणि उपसा पुढच्या उन्हाळ्यावर गेला.